असायलममधला पूर्वज: 'डिस्चार्ज'पाशी अडलेला शोध

१८७१च्या जनगणनेत आपण शोधत असलेला पूर्वज लंडनच्या ईस्ट एंडमध्ये कुटुंबासोबत दिसतो. १८८१मध्ये तो घरात नाही, पण बायकोची नोंद विधवा नव्हे, 'विवाहित' आहे. इथे मृत्यूच्या सूचीत शिरायची घाई नको. आधी वर्कहाऊस (गरिबांचं आश्रयगृह) आणि असायलम (मनोरुग्णालय) बघा. (पळून गेलेला नवराही कागदावर अगदी असाच दिसतो.) असायलमच्या जनगणना-पानांवर मात्र नावाऐवजी नुसती आद्याक्षरंही असतात, तेव्हा नावानं शोधून काही मिळालं नाही तर वय आणि धंदा जुळवा.

पुढचा टप्पा लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमधली (राष्ट्रीय अभिलेखागार) 'एमएच ९४' मालिका, म्हणजे १८४६पासूनची असायलमची दाखल-रजिस्टरं. नाव, असायलम, दाखल तारीख आणि शेवटी मृत्यू किंवा डिस्चार्ज. सरकारी खर्चावरचे गरीब आणि खासगी रुग्ण वेगळ्या रजिस्टरांत, म्हणून दोन्ही चाळा.

बहुतेक शोध अडतात ते इथेच. शेवटच्या रकान्यात 'सुधारणा नाही' असा शेरा आणि डिस्चार्जची तारीख असली की वाटतं, घरी पाठवलं. बरा न झालेला माणूस सहसा घरी जात नसे, त्याची बदली होई. जागा कमी पडली की जुनाट रुग्ण दुसरीकडे हलवत. म्हणून त्याच तारखेच्या पुढेमागे दोनतीन दिवसांत तेच नाव दुसऱ्या संस्थेत दाखल झालंय का, ते पाहा. लंडनच्या गरीब रुग्णांसाठी १८७०मध्ये उघडलेल्या लीव्ह्सडन आणि कॅटरहॅम या संस्थाही विसरू नका.

मृत्यूची नोंद संस्था जिथे असेल त्या जिल्ह्यात होते. कॉल्नी हॅच असायलममध्ये वारलेला ईस्ट एंडमधला व्हाइटचॅपेलकर सापडेल बार्नेटमध्ये, लीव्ह्सडनचा वॉटफर्डमध्ये. माहिती देणारा बहुधा संस्थेचा कर्मचारी, त्यामुळे वयात पाच वर्षं इकडेतिकडे धरा. कारणात 'जनरल पॅरालिसिस' दिसलं तर तो साधा लकवा नव्हे. मेंदूपर्यंत पोचलेल्या उपदंशासाठी हा शब्द वापरत.

केसबुक (रुग्णांच्या तपशिलांची संस्थेची वही) शेवटी मागवा. ती दाखल तारखेच्या क्रमानं लावलेली असतात, नुसत्या नावावर पान सापडेलच असं नाही. शंभर वर्षांच्या आतलं पान बहुधा बंद असतं. दफनाचं रजिस्टर वेगळं मागावं लागतं: संस्थेच्या दफनभूमीत नावाचा दगड क्वचितच, आणि पार्थिव नातेवाइकांनी नेलं असेल तर नोंद त्यांच्या पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीत).