मोहोरातले चष्मेवाले

सकाळपासून कशात लक्ष लागत नाहीये. कारण सांगायला गेलं तर एवढंसं. मागच्या आंब्याला यंदा मोहोर भरभरून आलाय आणि त्यात चष्मेवाल्यांचा थवा उतरला होता. हिरवेपिवळे, चिमणीहूनही लहान, डोळ्याभोवती पांढरं कडं. एक तर इतका जवळ, की दुर्बिणीतून त्याच्या चोचीला चिकटलेला मोहोराचा कण दिसत होता. नमू मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘केवढा गोंगाट करतायत गं आजी!’’

मला काहीच ऐकू येत नव्हतं.

चष्मेवाले गप्प बसणारे नव्हेत. थवा एका फांदीवरून दुसरीवर सरकत असतो आणि सगळे सारखे एकमेकांना ‘मी इथे, मी इथे’ करत असतात. फार बारीक, फार वरचा आवाज. त्या आवाजावरूनच तर मी त्यांना ओळखायला शिकले. आधी कान, मग दुर्बीण, असं ह्यांचं म्हणणं असायचं. जाऊ दे.

नमूची आई म्हणाली, ‘‘वयाचं आहे हो आई ते.’’ ते मलाही कळतं. उतारवयात वरचे स्वर आधी जातात. आतल्या कानातल्या शंखात केसाळ पेशी असतात. वरच्या स्वरांच्या पेशी शंखाच्या तोंडाशी, आणि त्याच आधी संपतात. माणसात गेल्या की गेल्या. पक्ष्यांत मात्र नव्या येतात. १९८०च्या दशकात संशोधकांच्या ते लक्षात आलं. दुपारी हे आठवलं आणि रडूच आलं. आठ-दहा ग्रॅमच्या जिवाला जे मिळालंय ते आपल्याला नाही, असं काहीतरी मनात आलं.

पण रडू त्याचं नव्हतं बहुतेक. तो आवाज गेला कधी, तेच मला सांगता येत नाही. नजर कमी होते तेव्हा निदान अक्षरं पुसट होतात, आपल्याला कळतं. इथे काहीच कळलं नाही. मागच्या हिवाळ्यात ऐकला होता का? त्याच्या आधीच्या? शेवटचा ऐकला तेव्हा मी काय करत होते? कणीक मळत असेन, फोनवर बोलत असेन. तो शेवटचा, हे कुणी सांगितलं असतं तर हातातलं टाकून बसले असते. माणसांच्या बाबतीतही... नको, ते आज नको.

संध्याकाळी वेताळ टेकडीवर गेले, मुद्दाम एकटी. काय काय उरलंय ते बघायला. गिरिपुष्पाची पानं झडलीत, फांद्यांवर नुसती गुलाबी फुलं. त्यावर शिंजीर. त्याचे आत्ता पिसं बदलायचे दिवस. पाठ मातकट, छातीवरून निळीकाळी पट्टी, खांद्यावर कुठे कुठे नवी चमक. चोच सारखी उघडत होती, आवाज माझ्यापर्यंत अर्धामुर्धा पोहोचत होता. निखारांची टोळी झाडोऱ्यातून गेली, नरांच्या केशरी छात्या लखलखीत दिसल्या, आवाज एकाचाही नाही. कधी गेला हाही?

पुढे सुकलेल्या फांदीवर तांबट. टुक्, टुक्, टुक्. ओरडताना हा चोच उघडत नाही. गळ्यावरचं कातडं फुगतं आणि प्रत्येक टुक् बरोबर हलतं. शिवाय मान इकडेतिकडे वळवतो, त्यामुळे आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही. तो मला पूर्ण ऐकू आला, एकही टुक् न सुटता. किती वेळ उभी होते कोण जाणे. दयाळाची शीळही ऐकू आली, त्याला आता कंठ फुटू लागलाय.

उतरताना दगडावर थिरथिरा दिसला. महिन्या-दीड महिन्यात निघेल हा हिमालयाकडे. ह्याला मी आवाजावरून कधीच ओळखलं नव्हतं. कायम त्या थरथरणाऱ्या तांबूस शेपटीवरूनच. तेव्हा त्यात काही उणं वाटलं नव्हतं. आजही वाटलं नाही, आणि मग जरा बरं वाटलं.

उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय. यंत्राने वरचे स्वर थोडेफार परत येतात म्हणतात. आले तर आनंदच आहे. रविवारी नमूला टेकडीवर नेणार आहे. तिला सांगून ठेवलंय, तुला ऐकू आलं की बोट दाखव, मी बघून नाव सांगेन. तिने लगेच कबूल केलं, पण अर्धा वेळ दुर्बीण तिच्याकडे राहणार, या अटीवर.