कललेला ‘ओ’

रोमन लिपीतली चार ठळक अक्षरे, वर ‘एल’ आणि ‘ओ’, त्यांच्या खाली ‘व्ही’ आणि ‘ई’, एवढाच अमेरिकन कलावंत रॉबर्ट इंडियाना यांच्या ‘लव्ह’ शिल्पाचा ऐवज. त्यातला ‘ओ’ तेवढा उजवीकडे कललेला आहे आणि माझ्या मते सारी किमया त्या कलण्यातच आहे. तो सरळ केला, तर मागे उरेल ती निव्वळ दुकानावरची पाटी.

हे अक्षरचित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९६५ मध्ये नाताळच्या शुभेच्छापत्रासाठी करून घेतले. इंडियाना यांचे वडील फिलिप्स ६६ या तेल कंपनीत नोकरीला होते. तिच्या पंपावरची लाल-हिरवी खूण निळ्या आभाळावर जशी दिसे, तेच रंग आपण इथे घेतले, असे इंडियाना सांगत. पुढे १९७३ मध्ये हेच चित्र आठ सेंटच्या टपाल तिकिटावर आले आणि ती तिकिटे तीस कोटींहून अधिक छापली गेली. मूळ शुभेच्छापत्रावर मात्र स्वामित्वहक्काची खूण नव्हती, त्यामुळे कपबशांपासून किल्ल्यांच्या जुडग्यांपर्यंत ज्याला वाटेल त्याने ते छापले. या प्रसिद्धीला कंटाळलेले इंडियाना १९७८ मध्ये मेन राज्यातल्या व्हायनलहेवन बेटावर राहायला गेले.

शिल्परूपातले पहिले ‘लव्ह’ १९७० चे, इंडियानापोलिसच्या संग्रहालयातले. ते बारा फूट उंच आहे आणि त्याला रंगच नाही. ते अशा पोलादाचे आहे, की वरचा गंजाचा थरच आतल्या धातूला राखतो. मला विचाराल, तर सर्वांत देखणे तेच. जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये १९७७ चे हिब्रू ‘अहावा’, म्हणजे प्रेमच, आहे. तिथे ‘ओ’ नाहीच, तरी दोनावर दोन रचलेली जाडजूड अक्षरे पाहताच घराणे ओळखू येते, आणि माझ्या सिद्धान्ताला थोडा तडा जातो.

सर्वांत जिव्हाळा लाभला तो फिलाडेल्फियातल्या ‘लव्ह’ला. अमेरिकेच्या द्विशताब्दीनिमित्त १९७६ मध्ये ते तिथे उसने आले आणि दोन वर्षांनी हलवले गेले, तेव्हा लोकांना चुकल्याचुकल्यासारखे झाले. अखेर शहराच्या कला आयोगाचे अध्यक्ष यूजीन डिक्सन यांनी ते विकत घेऊन शहराला दिले. ते उभे आहे त्या चौकाचे सरकारी नाव केनेडींचे, पण लोक ‘लव्ह पार्क’च म्हणतात. मधल्या काळात या शिल्पातल्या मूळच्या जांभळ्याच्या जागी निळा रंग लागला होता, तो २०१८ मध्ये पुन्हा जांभळा केला गेला. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या भेटीच्या वेळी शहरात स्पॅनिश ‘अमोर’ही आले. त्यात ‘ओ’ खालच्या ओळीत उतरला आहे, पण मोडेन पण ताठ होणार नाही, असा त्याचा बाणा कायम आहे.

ओबामांच्या २००८ च्या प्रचारासाठी इंडियाना यांनी याच घडणीत ‘होप’ केले आणि ‘ओ’ला वरच्या ओळीतली जुनी जागाही दिली. तरी ते मला तितके भावत नाही. ‘एल’च्या माथ्याशी मोकळी जागा असल्यामुळे ‘लव्ह’मधल्या ‘ओ’ला ऐसपैस रेलता येते, ‘एच’च्या दोन खांबांशेजारी तो नुसताच वाकडा दिसतो.