पन्हाळा ते पावनखिंड: फलकांच्या भरवशावर निघू नका

वाटेवरचे फलक इतिहासासाठी जरूर वाचा, पण अंतर आणि दिशा यांसाठी त्यांच्यावर विसंबू नका. या वाटेच्या अंतराचे आकडे ४५ किलोमीटरपासून ६० च्या पुढेपर्यंत ऐकायला-वाचायला मिळतात. कुणी खिंडीपर्यंत मोजतो, कुणी विशाळगडापर्यंत. कुणी पायवाट धरतो, कुणी गाडीरस्ता. 'आता थोडंच राहिलं' हे वाक्य पांढरेपाणी येईपर्यंत मनावर घेऊ नये. आकडा सोडा आणि गावांचा क्रम पाठ करा: तुरुकवाडी, म्हाळुंगे, मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी. तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी आंबर्डे, कळकवाडी, रिंगेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी, सुकाम्याचा धनगरवाडा, म्हसवडे, पांढरेपाणी आणि मग खिंड.

पन्हाळ्यावर बाजीप्रभूंचा पुतळा सगळेच बघतात. शिवा काशीदांच्या स्मारकालाही तेवढाच वेळ द्या. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज सुमारे सहाशे मावळ्यांनिशी सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले, तेव्हा दुसऱ्या पालखीत बसून शत्रूला चुकवणारा माणूस तो होता.

मसाई पठाराबद्दल फार लिहीत नाही, चाल सपाट आहे. एकच सांगणे, धुके असेल तर गुरांच्या वाटा फसवतात. मसाईचे देऊळ मागे पडल्यावर कुंभारवाडीकडे उतरणारी वाट हाताशी लागेपर्यंत जथा एकत्र ठेवा आणि फोनमध्ये मार्गाची नोंद आधीच उतरवून घ्या. रेंजचा भरवसा नाही.

खरा कस दुसऱ्या दिवशी, पाटेवाडीनंतर. फलक विरळ होतात ते नेमके इथे, दाट जंगलात, जिथे त्यांची सर्वांत जास्त गरज असते. पावसात पायवाटेचाच ओढा होतो आणि शेजारचा खरा ओढा वाटेसारखा दिसतो. पाण्याच्या कडेने उताराला लागलात की चुकलात. पाच-सात मिनिटे माणसाची खूण दिसली नाही, म्हणजे बाण, बुटाचे ठसे, कापलेली फांदी यांपैकी काहीच नाही, तर पुढे न जाता शेवटच्या खुणेपर्यंत परत या. ओढा ओलांडताना पाणी मांडीच्या वर असेल तर थांबा. पावसाची सर ओसरली की लहान ओढ्याचे पाणी बऱ्याचदा तासाभरात उतरते. शेवाळलेल्या दगडावर पाय टाकू नका, दगडांच्या मधे टाका. करपेवाडीहून सहाच्या आत निघा. दुपारी एकपर्यंत पाटेवाडी मागे पडली नसेल तर जंगलात शिरूच नका, गावातच थांबा. झाडीत सहालाच अंधारते. स्थानिक वाटाड्या घेणार असाल तर पैसे याच टप्प्यावर खर्च करा, पठारावर नको.

महागडे ट्रेकिंगचे बूट या चिखलात काही कामाचे नाहीत. आत पाणी शिरते, मग दोन-दोन किलोचे ओझे पायाला. बाजारात मिळणारे खड्ड्याखड्ड्यांच्या तळाचे साधे रबरी बूट घ्या, आत लांब मोजे घाला. जळवांसाठी मोज्यांवर तंबाखूचे पाणी मारा आणि खिशात मिठाची पुरचुंडी ठेवा. भातखाचरांत रोपलावणी चालू असते, तेव्हा बांधावरून दहा माणसे गेली की बांध खचतो आणि खाचरातले पाणी निघून जाते. घाणीतून जावे लागले तरी पाणंदीने जा.

परतीच्या गाडीची बोलणी करपेवाडीतूनच करून ठेवा. पांढरेपाण्याला भिजलेला, थकलेला माणूस पाहिला की भाव दुप्पट होतो. 'पूर्ण गाडीचे की माणशी', 'मलकापूरपर्यंत की कोल्हापूरपर्यंत' हे दोन प्रश्न सुटायला हवेत, नाहीतर उतरताना वाद ठरलेला. विशाळगडाची एसटी मिळाली तर सोडू नका, पण वेळ गावात विचारून घ्या.

खिंड. रस्त्यावरच्या स्मारकापाशी फोटो काढून परतणारे बरेच दिसतात. दोन दिवस चालून आलात तर पायऱ्या उतरून पात्रात जा, ओढ्याला जोर नसेल तरच. दोन्ही बाजूंचा कातळ बघितला की थोड्या माणसांनी मोठी फौज कशी अडवली ते कुणी सांगावे लागत नाही. अंगातला शीण तिथे खरोखर विसरायला होतो. लढाई नेमकी याच घळीत झाली की जवळच्या दुसऱ्या खिंडीत, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. जुन्या नोंदी गजापूरच्या घाटीचे नाव घेतात. ज्या फलकावर बाजीप्रभूंखेरीज कुणाचेच नाव नसेल, तिथे बांदलांचे नाव आपण घ्यावे. १३ जुलैला खिंडीत उभे राहिलेले बहुतेक हिरडस मावळातल्या बांदलांच्या जमावातले होते. पुढे महाराजांनी जेधे घराण्याकडचा तलवारीच्या पहिल्या पानाचा मान, म्हणजे दरबारातला अग्रमान, बांदलांना दिला. एवढी मोठी गोष्ट प्रत्येक फलकावर यायला हवी.

बाजीप्रभू आणि त्यांचे भाऊ फुलाजीप्रभू यांच्या समाध्या खिंडीत नाहीत, विशाळगडावर आहेत. त्यासाठी तिसऱ्या दिवसाची सकाळ राखून ठेवा. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तिकडे निघणारे गट अंधारात पोचतात आणि समाधी न बघताच उतरतात.