शून्याला टिकतं म्हणजे नक्की काय टिकतं?

थंडी तोंडावर आली की मला उष्ण प्रदेशातल्या फळझाडांबद्दल एकच प्रश्न फक्त झाडाचं नाव बदलून येत राहतो. जाबुटिकाबा किती डिग्रीपर्यंत टिकेल, हनुमानफळ किती, लोंगन किती, आणि विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो बस. नर्सरीच्या लेबलवर तो असतोही छापलेला, "उणे २ पर्यंत". आता उणे २ म्हणजे किती वेळ? पहाटे अर्धा तास की रात्रभर? झाड दोन फुटांचं की छपराला टेकलेलं? माती ओली की कोरडी? आधीचा आठवडा गरम गेला की हळूहळू गार होत गेला? आणि टिकतं म्हणजे पानं टिकतात, खोड टिकतं, की सगळं जळून मुळातून परत फुटतं? हे विचारल्याशिवाय तो आकडा ऐकण्यात काही अर्थ नाही, असं माझं ठाम मत झालंय.

मुळात थंडी दोन वेगळ्या तऱ्हांनी झाड मारते. एक म्हणजे गोठणं. पानात बर्फ आधी पेशींच्या मधल्या फटींत होतो, तो बर्फ पेशीतलं पाणी बाहेर ओढतो आणि पेशी अक्षरशः वाळून मरते, आणि बर्फ थेट पेशीच्या आतच झाला तर मग विषयच संपला. दुसरी तऱ्हा जास्त कपटी, तिला बर्फ लागतच नाही. पक्क्या उष्ण कटिबंधातल्या झाडांच्या पेशींचं आवरण १० डिग्रीच्या आसपासच आखडायला लागतं, थिजलेल्या तुपासारखं, मग ते गळायला लागतं आणि आतलं कामकाज बिघडतं. मँगोस्टीन, रामबुतान, ड्युरियन, कोको ही सगळी या गटातली. मँगोस्टीन ४-५ डिग्रीलाच मार खातं, फ्रॉस्टची (गवता-पानांवर पांढरा बर्फ पडण्याची) वाट बघत नाही, आणि आठवडेच्या आठवडे दिवसासुद्धा १२-१३ डिग्री असेल तर एकही रात्र शून्याला न जाता ते हळूहळू संपतं. तेव्हा "आमच्याकडे फ्रॉस्ट पडत नाही" हे मँगोस्टीन बाहेर लावायचं कारण होऊच शकत नाही.

कुठल्या भागात कुठलं झाड टिकेल हे ठरवायला लोक वापरतात त्या झोनच्या नकाशाची गडबड पण हीच आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याचा तो प्रसिद्ध नकाशा, २०२३ ला नवा आला, तो प्रत्येक वर्षातल्या सगळ्यात गार रात्रीचं तापमान घेऊन त्याची सरासरी काढतो. झोन १० म्हणजे उणे १.१ ते ४.४ डिग्री. बास, एवढंच सांगतो तो. त्या रात्रीनंतर दुपारी २४ डिग्री होतं का ८, हे त्यात कुठेच नाही. म्हणून लंडन आणि फ्लोरिडाचा मधला पट्टा कागदावर जवळजवळ एकाच झोनमध्ये येतात आणि प्रत्यक्षात फ्लोरिडात आंबा बागेत उभा असतो आणि लंडनला तोच आंबा ओल्या गार मातीत मुळं कुजून जातो. झाडाला रात्रीचा फटका सोसायला दिवसाची ऊब लागते, दुरुस्ती दिवसा होते ना.

वयाचं तर विचारूच नका. फणसाचं उदाहरण घ्या, शून्याला पानं जळतात, उणे १ ला फांद्या आणि उणे २ च्या आसपास अख्खं झाडच जाऊ शकतं. म्हणजे पानं जळण्यापासून मरण्यापर्यंत मधे फक्त दोन डिग्री! मोठा आंबा थोडे तास उणे ४ सोसतो, पानं आणि बारीक फांद्या देऊन, पण त्याचंच कोवळं रोप उणे १ ते २ ला जातं. लिची तशीच, रोप उणे २ च्या आतबाहेर मरतं, मोठं झाड उणे ४ पर्यंत खूप मार खाऊन का होईना उभं राहतं. आणि लोकाट तर मजेशीर प्रकार आहे, झाड उणे १० ला हसत उभं असतं पण फुलतं ऐन थंडीत, उमललेलं फूल उणे ३ ला आणि छोटं फळ उणे ४ ला जातं. मग लोक म्हणतात झाड छान आहे हो पण फळच धरत नाही. तर "लोकाट किती टिकतं" याची दोन उत्तरं आहेत आणि कामाचं दुसरं.

मूळ गाव कुठलं ते बघितलं की निम्मा अंदाज येतो. हनुमानफळ अँडीजच्या डोंगरातलं, त्यामुळे मोठं झालेलं झाड हलका फ्रॉस्ट सोसतं, आणि त्याचंच भावंड लक्ष्मणफळ सखल ओल्या जंगलातलं, ते शून्याच्या आधीच पानं टाकायला लागतं. पांढरा सपोटे मेक्सिकोच्या पठारावरचा, तो अजून दणकट. फेइजोआ दक्षिण ब्राझील आणि उरुग्वेकडचा, तो उणे ९-१० पर्यंत जातो, त्याला ट्रॉपिकल म्हणणंच खरं तर लाडाचं आहे. अव्होकाडोत तर एकाच जातीत तीन घराणी, मेक्सिकन सगळ्यात काटक, वेस्ट इंडियन सगळ्यात नाजूक आणि ग्वाटेमालन मधे. मेक्सिकन ओळखायचं असेल तर पान चुरगाळून वास घ्या, बडीशेपेसारखा येतो. फुएर्ते नावाचा वाण १९११ ला मेक्सिकोतल्या अत्लिस्कोहून कॅलिफोर्नियात नेला होता, तो १९१३ च्या गोठवणाऱ्या थंडीतून वाचला आणि त्यावरच पुढे तिथला अव्होकाडोचा धंदा उभा राहिला.

आता आधीच्या हवेबद्दल, माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. फ्लोरिडात डिसेंबर १८९४ च्या शेवटी जबर थंडी आली, संत्र्यांची पानं आणि फळं गेली पण बरीचशी झाडं जगली. जानेवारी ऊबदार गेला, झाडांनी रस चढवला, नवी पालवी काढली, लोकांना वाटलं सुटलो. आणि फेब्रुवारी १८९५ ला दुसरी लाट आली तिनं रस भरलेली झाडं जमिनीपर्यंत संपवली. थोडीफार सवय झालेलं, वाढ थांबवलेलं झाड आणि कोवळ्या पालवीतलं झाड ही एकाच जातीची असली तरी थंडीच्या हिशोबात दोन वेगळी झाडं आहेत. म्हणून थंडीच्या तोंडावर नत्र द्यायचं नाही, छाटणी करायची नाही, जे जे केल्यानं झाड फुटतं ते काहीच करायचं नाही.

रात्रीचंही वाचायला शिकावं लागतं. ढग, वारा, दमट हवा असेल तर तापमान हळू उतरतं. पण आकाश लख्ख, वारा बंद आणि हवा कोरडी असली की जमीन आणि पानं आपली ऊब सरळ आकाशात सोडतात, पान हवेपेक्षाही गार होतं. अंदाजात दाखवतात ते तापमान दीड-दोन मीटर उंचीवरचं, म्हणून ३ डिग्री लिहिलेलं असतं आणि सकाळी गवतावर पांढरं पडलेलं असतं. अशा रात्री मोठ्या झाडाखाली ठेवलेलं रोप वाचतं कारण त्याच्या डोक्यावर उघडं आकाश नसतं. झाडावर टाकलेलं कापड पण अशाच रात्री काम करतं, पण ते जमिनीपर्यंत सोडायचं, कारण ऊब जमिनीतून येते. लोक शेंड्यावर पिशवी घालून खोडाला बांधतात, मग ऊब यायची कुठून? प्लॅस्टिक पानाला टेकलं की टेकलेलं पान जळतं. आत जुने पिवळे बल्ब लावले तर दोन-तीन डिग्री मिळतात, एलईडीचा उजेडच पडतो फक्त. आणि वारा सुटलेला असेल अशा लाटेत हे सगळं बरंचसं व्यर्थ, ते आधीच मान्य करून झोपावं.

पाणी फवारायचा उपाय ऐकून लोक नळी घेऊन धावतात त्यांना एकच सांगणं, सुरू केलं तर बर्फ वितळेपर्यंत थांबायचं नाही. पाणी गोठताना ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता सोडतं म्हणून पान शून्याजवळ राहतं, पण मधेच बंद केलं की उलट बाष्पीभवन सुरू होतं आणि त्याला त्याच्या सातपटीहून जास्त उष्णता लागते, ती पानातूनच घेतली जाते. काही न करण्यापेक्षा वाईट. मल्चिंगचं, म्हणजे बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन घालण्याचं, पण तसंच उलटसुलट आहे, मुळं वाचतात पण जमिनीची ऊब आच्छादनाखाली अडकते, वरचा शेंडा उघड्या ओल्या मातीवर असता त्यापेक्षा थोडा जास्त गार पडतो. केळी असेल तर मल्च भरपूर करा कारण तिथे वाचवायचा आहे तो कंद, पानं जाणारच.

मार बसलाय का हे सकाळी लगेच कळत नाही. उन्हं यायच्या आधी पान बघा, गोठलेलं असेल तर गडद हिरवं, भिजल्यासारखं, उजेडासमोर धरलं तर तेलकट कागद दिसतो तसे डाग. दुपारपर्यंत ते मलूल होऊन लोंबतं आणि दोन दिवसांत चॉकलेटी. पण माती ओली असून झाड मलूल दिसलं आणि असे डाग नसले तर ती गार पडलेली मुळं असतात, पाणी ओढू शकत नाहीत बिचारी. तिथे अजून पाणी घालणं म्हणजे मुळं कुजवायचं आमंत्रण, आणि माझ्या अंदाजानं कुंडीतली झाडं फ्रॉस्टपेक्षा यानंच जास्त जातात.

जळलेलं लगेच कापू नका, कितीही वाईट दिसलं तरी. कापलं की झाड फुटायला बघतं आणि पुढची लाट आली की १८९५ व्हायचं. नखानं साल किंचित खरवडा, खाली ओलं हिरवं असेल तर फांदी जिवंत, तपकिरी असेल तर अजून खाली खरवडत या. तेही एकदा करून ठरवू नका, खोड कुठपर्यंत गेलंय हे कधीकधी गरमी सुरू झाल्यावर नवा फुटवा येईपर्यंत कळत नाही. कलमी झाड असेल तर फुटवा जोडाच्या (कलम जिथे बांधलं त्या जागेच्या) वर आलाय की खाली ते नीट बघा, खाली आला असेल तर तो खुंटाचा, म्हणजे ज्या मुळांच्या रोपावर कलम बांधलं त्याचा, तुम्ही विकत घेतलेला वाण गेलेला आहे. म्हणूनच गार रात्रींच्या आधी जोडाच्या वर वीतभर मातीचा ढीग लावून ठेवायचा आणि थंडी गेली की काढायचा, नाहीतर साल कुजते.