स्पिरुलिनाची निळाई, दिवस ४७

मंडळी, निळा रंग अखेर हाती आला!

टाकीतलं स्पिरुलिनाचं कल्चर, म्हणजे सोड्याच्या पाण्यात वाढवलेले ते सूक्ष्म निळे-हिरवे जीव, इतकं दाट झालं होतं की दोन बोटं खोल बुडवलेली पांढरी चकती दिसेना. मग बारीक पॉलिस्टरच्या कापडातून गाळलं, सोड्याचा खारटपणा जाईपर्यंत धुतलं आणि तो हिरवागार लगदा थोड्या डिस्टिल्ड पाण्यात कालवून फ्रीजरमध्ये ठेवला. गोठवायचं, वितळवायचं, असं तीनदा. बर्फाच्या कण्या पेशी फाडतात. तिसऱ्या वेळी फिल्टर पेपरमधून जो थेंब उतरला तो थेट निळीच्या पाण्यासारखा. हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, ते चोथ्यात राहिलं. फायकोसायनिन, म्हणजे निळा रंगकण जोडलेलं प्रथिन, तेवढं खाली आलं.

आता खरी गंमत. नळी खिडकीसमोर धरली की निळी. मागे काळा कागद लावून बाजूने हिरव्या एलईडीचा टॉर्च मारला की लाल! आधी काहीच नीट दिसेना, कारण अर्क फार घट्ट होता आणि स्वतःचाच लाल उजेड गिळत होता. दसपट पातळ केल्यावर कोकमाच्या सरबतासारखी लाली उजळली. मी घरातल्या सगळ्यांना हाक मारून दाखवली.

हा लाल उजेड म्हणजे वाट चुकलेली ऊर्जा. हरितद्रव्य निळा आणि तांबडा उजेड चांगला टिपतं, मधला हिरवा-पिवळा-नारिंगी बराचसा सोडून देतं. फायकोसायनिन ६२० नॅनोमीटरच्या आसपास टिपतं आणि ती उणीव भरून काढतं. जिवंत पेशीत त्याच्या चकत्या एकावर एक रचून दांड्या होतात आणि दांड्या ॲलोफायकोसायनिन या त्याच्याच भाऊबंद प्रथिनाच्या गाभ्याला टेकलेल्या असतात. गाभा ६५० च्या आसपास टिपतो. म्हणजे ऊर्जा पायरी पायरी उतरत हरितद्रव्यापर्यंत पोचते. उजेड बाहेर न टाकता शेजारच्या रंगकणाला नुसत्या अनुनादाने ती दिली जाते, काही नॅनोमीटरच्या अंतरावर, सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी वेळात. वाटेत सांडतं फार थोडं. आपण पेशी फोडली, दांड्या विस्कटल्या, पुढे घेणारं कुणी उरलं नाही, म्हणून ती लाल होऊन बाहेर पडली.

या रचनेला फायकोबिलिसोम म्हणतात. एलिझाबेथ गँट आणि एस. एफ. कॉन्टी यांनी १९६६ मध्ये पॉर्फिरिडियम या लाल शैवालात तिचे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. त्या शैवालात दांड्यांच्या बाहेरच्या टोकाला फायकोएरिथ्रिनही असतं, हिरवा उजेड टिपणारं. आपली स्पिरुलिना काटेकोरपणे बघितली तर शैवाल नव्हे, सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उजेडावर जगणारे जीवाणू. पण यंत्र तेच.

काल एक नळी सत्तर अंशांच्या पाण्यात उभी केली आणि दुसरी बाहेर ठेवली. टॉर्चखाली बघत राहिलो. लाली भराभर विझली आणि निळा रंगही फिकट पडत गेला. रंगकण त्याच प्रथिनाला अजून घट्ट जोडलेला होता, तो कुठे गेला नव्हता. गेली होती ती प्रथिनाची घडी. ही घडी त्या लांबट रंगकणाला ताणून, ताठ धरून ठेवते. ती सुटली की तो वळवळतो, आणि टिपलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. आपण रंगाचं कौतुक करतो, पण निम्मं काम त्या पकडीचं आहे, हे मला काल डोळ्यांनी दिसलं.

एप्रिलमधल्या घाण्याचं कोडंही सुटलं. तो लगदा मी गच्चीवर पत्र्यावर भर उन्हात वाळवला होता आणि त्यातून मळकट पाण्याशिवाय काही निघालं नव्हतं. मी कल्चरच्या बीजालाच दोष देत बसलो होतो. पत्रा हाताला चटका देत होता, तेव्हाच कळायला हवं होतं.

या खेपेचा उरलेला लगदा सावलीत, पंख्याखाली, शेवयांसारखा पातळ पसरला आहे. निळी नळी फॉइल गुंडाळून फ्रीजमध्ये आहे. रोज रात्री दिवा मालवून टॉर्चने बघणार, लाली किती दिवस टिकते ते.