परिच्छेद 14

आज दुपारी वकीलबाईंनी त्याचं प्रतिज्ञापत्र पाठवलं. 22 पानं. पहिली दहा-बारा वाचताना काहीच वाटलं नाही. त्याच्या मते पैसे मीच उचलले, धमक्या मीच दिल्या, दार मीच आपटलं. 1997 मध्ये जेनिफर फ्रेड नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी या चालीला नावच देऊन ठेवलंय. आधी साफ नाकारायचं, मग समोरच्यावर तुटून पडायचं, शेवटी आपणच पीडित होऊन बसायचं. हे कळल्यापासून मी असले कागद पेन्सिल घेऊन वाचते आणि समासात खुणा करते: ना, तु, पी. वेळ बरा जातो.

परिच्छेद 14 ला पेन्सिल थांबली. ‘अर्जदार रात्री दिवा लावल्याशिवाय झोपू शकत नाहीत. यावरून त्यांची मानसिक अवस्था दिसून येते.’

खरंय ते. लहानपणापासूनचं. फक्त त्याला सांगितलं होतं, तेही काळोखात, खूप हिंमत करून.

आणि ते वाचून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? राग नाही. ‘अय्या, त्याच्या लक्षात आहे.’

संध्याकाळपासून हेच कुरतडतंय. इतकं सगळं होऊनही त्याने माझं काहीतरी लक्षात ठेवलं याचं मला, क्षणभर का होईना, बरं वाटलं? मधल्या त्या आठ महिन्यांत मी नक्की काय केलं मग? ताईला सांगणं शक्यच नाही. आई तर

समुपदेशक मॅडम म्हणतात, सतत वाईट वागणारा माणूस सोडता येतो. तेरा वेळा तोडून चौदाव्या वेळी जवळ घेणारा सुटत नाही. डटन आणि पेंटर या मानसशास्त्रज्ञांनी 1981 मध्येच हे बंधन मांडलं होतं म्हणे. म्हणजे माझा मूर्खपणासुद्धा माझा एकटीचा नाही. त्या त्याला ‘सोशिओपॅथ’ कधीच म्हणत नाहीत. तो शब्द निदानाचा नाही, आणि ज्याला तपासलं नाही त्याला नाव देत नाही, एवढंच सांगतात. ताई मात्र पहिल्या दिवसापासून तोच शब्द वापरते, पुढे-मागे विशेषणं लावून.

पण लक्षात ठेवणं म्हणजे जपणं नव्हे ना. हत्यारं ठेवणाराही कुठलं कुठे आहे ते लक्षात ठेवतोच. हे वाक्य दुपारी सुचलं असतं तर रडणं वाचलं असतं. की नसतं वाचलं? ते ‘अय्या’ अजून आहेच कुठेतरी.

रात्री वकीलबाईंचा फोन. परिच्छेदवार म्हणणं द्यायचंय. 11 नाकबूल, 12 नाकबूल, 13 खोटं असून नाकबूल. मग त्या थांबल्या. ‘दिव्याचं काय लिहू?’

‘मान्य लिहा.’

‘नक्की? उलटतपासणीत विचारतील.’

‘विचारू देत. लागतो मला दिवा.’

त्या हसल्या. मीही. बऱ्याच दिवसांनी फोनवर हसले, तेही तासावर पैसे घेणाऱ्या बाईंबरोबर.

नंतर उगाच त्याची वस्तूंची यादी काढून पाहिली. कपाट मागितलंय, टेबल मागितलंय, पडद्यांचे दांडेसुद्धा मागितलेत. दिवा नाही. विसरला वाटतं.

लावलाय आता. पुढची तारीख 19.