भुरीला मोकळं का सोडत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

"एवढी शहाणी आहे, सोडा की तिला! इथे कुठे गाड्या आहेत?"

पुण्याच्या वेताळ टेकडीवर पंचवटीच्या बाजूनं चढून खाणीपाशी पोचेपर्यंत हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी माझ्या कानावर येतं. कधी कुणी दटावूनही विचारतं, "बांधून काय फिरवता मुक्या जनावराला?" विचारणाऱ्याला भुरीची माया आलेली असते, हे मला कळतं. ती आहेच तशी. सात वर्षांची देशी कुत्री, चहात दूध जास्त झाल्यासारख्या रंगाची, एक कान उभा आणि एक पडलेला. माझ्या पावलाला पाऊल लावून चालते. तिच्या हार्नेसपासून, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्यापासून, माझ्या मुठीपर्यंत आलेली दोरी बघून लोकांना वाटतं, ही शिक्षा कशासाठी? चढावर दम लागलेला असतो, त्यामुळे मी "असू दे हो, सवय आहे आम्हाला" एवढंच म्हणते आणि पुढे निघते. ते उत्तर अपुरं आहे. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं सांगते.

भुरी दीड वर्षाची होईपर्यंत मी तिला टेकडीवर मोकळीच सोडायचे. वरच्या सपाटीला आलं की हुक काढायचा, आणि ती सुसाट सुटायची. गवतातून फक्त पाठ आणि शेपटीचं टोक दिसायचं. तिचं ते पळणं बघण्यासाठी मी पहाटे साडेपाचला आनंदानं उठायचे. हाक मारली की परत यायची. दहातल्या नऊ वेळा यायची, आणि त्या नऊ वेळांवर माझा पूर्ण भरवसा होता.

नोव्हेंबरातली सकाळ होती. समोरून सत्तरीचे एक गृहस्थ येत होते, कानटोपी घातलेले, हातात कापडी पिशवी. भुरी त्यांच्या दिशेनं धावली. अंग सैल होतं, शेपूट गोल फिरत होती. मला लांबूनही दिसत होतं की तिला खेळायचंय. मी हाक मारली, ती आली नाही. मग मी ओरडले, "काका, घाबरू नका, ती काही करत नाही!" काका दोन पावलं मागे सरले, मुरमावरून पाय घसरला आणि पडता पडता त्यांनी हात टेकला. मनगटाचं हाड मोडलं. भुरीनं जाऊन त्यांचा कान चाटला. तिनं खरोखरच काही केलं नव्हतं.

सहा आठवडे प्लास्टर होतं. मी दर रविवारी त्यांच्या घरी जायचे. पहिल्या दोन वेळी माफी मागण्यापलीकडे माझ्याच्यानं बोलवलं नाही. तिसऱ्या वेळी काकूंनी चहा ठेवला आणि काका आपणहून बोलायला लागले. त्यांचं लहानपण फलटणजवळच्या एका खेड्यात गेलं. नऊ वर्षांचे असताना शाळेच्या वाटेवर एका मोकळ्या कुत्र्यानं पोटरीला धरलं. ते कुत्रं पुन्हा कुणाला दिसलं नाही, त्यामुळे ते पिसाळलेलं होतं की नव्हतं हे कळायला मार्ग उरला नाही. म्हणून पोटात चौदा इंजेक्शनं, रोज एक. आजच्या तरुणांना ही चौदा इंजेक्शनं म्हणजे दंतकथा वाटते. पण मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस आपल्याकडे पार २००४ च्या अखेरीपर्यंत होती. वडील सायकलच्या नळीवर बसवून त्यांना रोज तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे. आठ-दहा दिवसांनी पोटावर सुई टोचायला न दुखणारी जागाच सापडेना.

"कुत्रं पळत अंगावर आलं की मला अजून स्पिरिटचा वास येतो," काका म्हणाले. "तुझी भुरी गुणाची असेल गं. पण ते मला तेव्हा कसं कळायचं?"

माझं उत्तर खरं तर एवढंच आहे. भुरी कशी आहे हे मला तिच्याबरोबर दीड वर्ष राहून कळलं होतं. काकांना ते ओळखायला दोन सेकंद मिळाले. आणि समोरच्याच्या आयुष्यात काय होऊन गेलंय, हे तर मला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. "ती काही करत नाही" हे वाक्य मी त्या दिवसानंतर कुणालाही म्हटलेलं नाही.

भुरीला बांधल्यावर मला दुसरी बाजू दिसायला लागली. शनिवार-रविवारी टेकडीवर लॅब्रडोर, गोल्डन रिट्रीव्हर, शेफर्ड आणि हल्ली हस्कीसुद्धा मोकळे फिरत असतात. (पुण्याच्या एप्रिलात हस्कीला चढ चढवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, निदान सात वाजायच्या आत खाली उतरत जा.) यातला एखादा भुरीच्या तोंडावर सरळ चालून येतो. कुत्र्यांच्या रीतीभातीत हे बरं समजत नाहीत. अनोळखी कुत्रे आपसूक भेटतात तेव्हा वळसा घेऊन बाजूनं येतात, हुंगतात, पटलं नाही तर निघून जातात. दोरीतल्या कुत्र्याला वळसाही घेता येत नाही आणि निघूनही जाता येत नाही. त्यातून माणूस घाबरून दोरी ओढतो, तो ताण कुत्र्याला कळतो. भुरी आधी ओठ चाटते, मान फिरवते, जांभई देते. लोक म्हणतात, झोप आलीय वाटतं. ती अस्वस्थ झालेली असते. तिच्या या खाणाखुणा समोरच्यानं ऐकल्या नाहीत तर ती गुरगुरते, आणि मग मला ऐकावं लागतं, "तुमचीच अग्रेसिव्ह आहे, म्हणून बांधता होय!"

तिचा पडलेला कान जन्मजात नाही. तीन वर्षांपूर्वी एक मोकळा शेफर्ड तिच्यावर तुटून पडला. त्याचे मालक फोनवर बोलत शंभर पावलं मागे होते. पाच टाके पडले. कान भरून आला, पण पुढचे आठ महिने मोठा कुत्रा लांबून दिसला तरी ती जमिनीला पोट लावून बसायची. ते गृहस्थ वाईट नव्हते. त्यांचा कुत्रा याआधी कधीच असं वागला नव्हता, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

तेव्हापासून मी काय करते, तेही बरेच जण विचारतात. खिशात उकडून सुकवलेल्या चिकनचे तुकडे असतात. मोकळा कुत्रा दिसला की पन्नास फुटांवरूनच मालकाला सांगते, "माझी घाबरते, बोलावून घ्या प्लीज." भाषण देत नाही, कारण त्यानं वेळ जातो आणि समोरचा हट्टाला पेटतो. तरीही कुत्रा आलाच, तर मूठभर तुकडे त्याच्या पुढ्यात जमिनीवर भिरकावते. तो हुंगायला लागतो, तेवढ्यात आम्ही पाठ फिरवून दुसऱ्या वाटेला लागतो. पावसाळ्यात छत्री कामाला येते. त्याच्या आणि भुरीच्या मध्ये ती उघडली की बहुतेक कुत्रे थबकतात. काठी मी ठेवत नाही. उगारलेली काठी बघून कुत्रा चेकाळतो आणि मालक भांडायला येतो. आपला कुत्रा छोटा असेल तर त्याला पटकन उचलून डोक्यावर धरायचा मोह होतो. तो आवरा. मोठा कुत्रा उडी मारतो ती तुमच्या अंगावर.

बरोबर कुत्रा नसेल आणि मोकळा कुत्रा अंगावर आला, तर पळू नका. थांबा, किंचित तिरके उभे राहा, हात छातीशी घ्या, नजर जमिनीवर ठेवा. आमच्या सोसायटीतल्या मुलांना मी "झाड हो" म्हणून शिकवलंय. पाय म्हणजे मुळं, हात म्हणजे मिटलेल्या फांद्या, आणि बघायचं फक्त मुळांकडे. बहुतेक कुत्र्यांचा न हलणाऱ्या झाडातला रस लवकर संपतो.

आणि दात लागलाच, अगदी ओरखडा असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा खूप जास्त असतात. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. सरकारी दवाखान्यात लस दंडावर कातडीत देतात, पहिल्या दिवशी आणि मग त्या दिवसापासून तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, द्यावं लागतं. "आमच्याची लस झालीय" हे मालकाचं म्हणणं ऐकून घ्या, कार्डाचा फोटो घ्या, पण तेवढ्यावर घरी बसू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही.

मी पाळलेल्या कुत्र्यांबद्दल बोलतेय. टेकडीच्या पायथ्याला चहाच्या टपरीपाशी तीन भटके कुत्रे राहतात. नसबंदी झाल्याची खूण म्हणून तिघांच्याही कानाचा तुकडा कापलेला आहे. त्यांचा प्रश्न निराळा आहे. २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम, ऑगस्ट २०२५ पासूनचे सर्वोच्च न्यायालयाचे आदेश, महापालिकेची कामं, असा तो मोठा गुंता आहे. पण भटक्यांविषयीच्या रागाआड आपण पाळणारे लपून बसतो, हे मला टोचतं. त्या तिघांची दोरी कुणाच्याच हातात नाही. आमच्या कुत्र्यांची आहे, ती आम्ही सोडतो. कायदाही तेच बघतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१, म्हणजे जुन्या दंड संहितेतलं २८९, ताब्यातल्या प्राण्याविषयी आहे. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. काकांनी तक्रार केली नाही. करू शकले असते.

टेकडीवर आणखी कुणीतरी राहतं. उन्हाळ्यात टिटवी उघड्या मुरमावर, साध्या खळग्यात, बहुधा चार अंडी घालते. खड्यांच्याच रंगाची असतात, पायाशी आली तरी दिसत नाहीत. मे महिन्यात ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांवर बसून त्यांना गारवा देते. मोकळ्या कुत्र्यानं अंडी खायलाच हवीत असं नाही. तो नुसता आसपास हुंदडत राहिला तरी टिटवी उठून डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहते, आणि तेवढा वेळ अंडी उन्हात तापतात. मोरांची गोष्टही तीच. लांडोर जमिनीवरच घरटं करते. टेकडीवर गाड्या नाहीत हे तुमचं म्हणणं खरं, पण ही घरं तिथेच आहेत.

मग भुरीनं पळायचं कुठे? हा प्रश्न मला अजूनही छळतो. कुत्र्याला पळावंसं वाटतं, आणि ती ओढ दाबून टाकायचा हक्क मला आहे असं मी मानत नाही. मी दहा मीटरची लांब दोरी घेतली, हार्नेसला लावायची, गळ्याला नाही. सपाटीवर कुणी नसेल तेव्हा ती दोरी सैल सोडते, तिचं टोक माझ्या पायाखाली राहतं. महिन्यातून दोनदा एका मैत्रिणीच्या मुळशीकडच्या कुंपण असलेल्या शेतावर जातो, तिथे भुरी जीभ बाहेर लोंबेपर्यंत पळते. एरवी मी तिला हुंगू देते. एका करवंदीच्या जाळीपाशी पाच-पाच मिनिटं. मागचे लोक वैतागून पुढे जातात, जाऊ देत. अर्धा तास मनसोक्त हुंगून घरी आली की ती तासभर पळून आल्यासारखी गाढ झोपते. शहरात कुंपण घातलेली, कुत्र्यांसाठीच राखलेली मैदानं हवीत, प्रत्येक भागात एक तरी. ती मागायला तुम्ही बरोबर येणार असाल तर मी पुढे उभी राहीन.

काका अजून टेकडीवर येतात. गार हवेत मनगट दुखतं, म्हणतात. आम्ही दिसलो की ते थांबतात, मी भुरीला वाटेच्या कडेला बसवते आणि दोरीचे दोन वेढे हाताला घेते. "आली का भुरी?" असं विचारत ते सहा फुटांवरून निघून जातात. पाच वर्षांत त्यांनी तिला एकदाही हात लावलेला नाही. लावून बघा, असं मीही कधी म्हटलेलं नाही.